नॉर्मयुक्त अवकाशांतील भौमितिक स्थिरांक

नॉर्मयुक्त सदिश अवकाशातील एकक गोलाचा आकार यूक्लिडीय गोलाच्या किती जवळ आहे वा त्यापासून किती दुरावला आहे, हे एका संख्येत सांगणाऱ्या राशींना भौमितिक स्थिरांक असे म्हणतात. जॉर्डन-फॉन नॉयमन स्थिरांक, जेम्स स्थिरांक, क्लार्कसनचा बहिर्वक्रता मापांक व त्यावरून मिळणारा गोबेलचा गुणांक ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. 'स्थिरांक' हे नाव काहीसे फसवे आहे. पाय (π) प्रमाणे ही सर्वत्र एकच असणारी संख्या नव्हे. प्रत्येक अवकाशाला स्वतःची संख्या असते आणि त्याच अवकाशावरील नॉर्म बदलला की तीही बदलते. फलनीय विश्लेषण या गणितशाखेत, विशेषतः स्थिर बिंदूंच्या सिद्धांतात, या संख्यांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

सदिशाला 'लांबी' देण्याच्या नियमाला नॉर्म म्हणतात व सदिश क्ष चा नॉर्म ‖क्ष‖ असा लिहितात. नॉर्मने तीन अटी पाळाव्या लागतात. शून्य सदिशाखेरीज सर्वांची लांबी धन असावी. सदिशाला एखाद्या संख्येने गुणले असता लांबी त्या संख्येच्या केवल मूल्याने गुणली जावी. आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी नसावी, म्हणजेच ‖क्ष + य‖ ≤ ‖क्ष‖ + ‖य‖ असावे.

एवढ्या अटींत अनेक लांब्या बसतात. प्रतलावरील (अ, ब) या सदिशाची शाळेत शिकवली जाणारी लांबी √(अ² + ब²) ही आहे. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या शहरात मात्र कर्णाने जाता येत नाही. तेथे चालावे लागणारे अंतर |अ| + |ब| एवढे भरते, आणि हाही नॉर्मच आहे. |अ| व |ब| यांतील मोठी संख्या हा तिसरा. ज्या सदिशांची लांबी १ आहे त्यांचे टोकबिंदू मिळून त्या नॉर्मचे 'एकक वर्तुळ' बनते. पहिल्या नॉर्मचे एकक वर्तुळ खरोखर वर्तुळ असते, दुसऱ्याचे कोनावर उभा असलेला चौरस आणि तिसऱ्याचे बाजूवर बसलेला चौरस. उलटपक्षी, आरंभबिंदूभोवती सममित असलेली कोणतीही बंदिस्त बहिर्वक्र आकृती एखाद्या नॉर्मचे एकक वर्तुळ ठरते. म्हणून नॉर्मचा अभ्यास हा प्रत्यक्षात बहिर्वक्र आकारांचा अभ्यास आहे, आणि या स्थिरांकांना 'भौमितिक' हे विशेषण त्यामुळेच लागले.

या सर्व नॉर्मांत आंतरगुणाकारापासून मिळणाऱ्या नॉर्मांचे स्थान वेगळे आहे. कोन, लंब, प्रक्षेप या कल्पना तेथेच सरळपणे लागू पडतात. अशा परिपूर्ण अवकाशांना हिल्बर्ट अवकाश म्हणतात. नुसत्या नॉर्मखाली परिपूर्ण असलेल्यांना बानाख अवकाश. एखादा बानाख अवकाश हिल्बर्ट अवकाशापासून किती दूर आहे, या प्रश्नातून भौमितिक स्थिरांकांचा जन्म झाला.

जॉर्डन-फॉन नॉयमन स्थिरांक

समांतरभुज चौकोनाच्या दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज त्याच्या चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. सदिशांच्या भाषेत,

‖क्ष + य‖² + ‖क्ष − य‖² = 2(‖क्ष‖² + ‖य‖²) हा नियम, देवनागरी अंकांत उजवी बाजू २(‖क्ष‖² + ‖य‖²) अशी, आंतरगुणाकार असलेल्या प्रत्येक अवकाशात खरा असतो. पास्कुआल जॉर्डन व जॉन फॉन नॉयमन यांनी १९३५ मध्ये याचा व्यत्यास सिद्ध केला: ज्या नॉर्ममध्ये हा नियम सर्व सदिशांना लागू पडतो, तो नॉर्म आंतरगुणाकारापासूनच आलेला असतो. (हा जॉर्डन म्हणजे पुंजयामिकीच्या संस्थापकांपैकी एक असलेला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. बंद वक्राविषयीचे प्रमेय ज्याच्या नावावर आहे तो फ्रेंच गणिती कामीय जॉर्डन वेगळा. विद्यार्थ्यांकडून या दोघांची सरमिसळ वारंवार होते.)

नियम मोडत असेल, तर तो किती मोडतो हे मोजण्याची कल्पना जेम्स क्लार्कसन याने १९३७ मध्ये मांडली. दोन्ही शून्य नसलेल्या सदिशजोड्यांसाठी

(‖क्ष + य‖² + ‖क्ष − य‖²) ÷ २(‖क्ष‖² + ‖य‖²)

या गुणोत्तराला घालता येणारी लहानात लहान वरची मर्यादा म्हणजे जॉर्डन-फॉन नॉयमन स्थिरांक. येथे तो 'नॉ' असा लिहिला आहे. क्ष व य यांच्या जागी क्ष + य व क्ष − य हे सदिश ठेवले की गुणोत्तर उलटे होते. त्यामुळे वरची मर्यादा नॉ असेल तर खालची आपोआप १/नॉ ठरते आणि वेगळी मोजावी लागत नाही.

नॉ नेहमी १ व २ यांच्या दरम्यान असतो. तो २ पेक्षा मोठा नसण्याचे कारण त्रिकोणाच्या नियमातच आहे: दोन्ही कर्ण ‖क्ष‖ + ‖य‖ पेक्षा मोठे नसतात, आणि दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग त्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक नसतो. नॉ = १ असणे आणि नॉर्म आंतरगुणाकारापासून आलेला असणे या दोन गोष्टी समानार्थी आहेत. दुसरे टोक रस्त्यांच्या शहरात दिसते. तेथे क्ष = (१, ०) व य = (०, १) घेतले, तर दोन्ही बाजूंची लांबी १ आणि दोन्ही कर्णांची २ येते; गुणोत्तर ८ ÷ ४, म्हणजे २.

लेबेग अवकाशांसाठी क्लार्कसनने नेमके सूत्र दिले. घातांक प (१ किंवा अधिक) आणि १/प + १/फ = १ पाळणारा त्याचा जोडीदार फ यांतील लहान संख्या ट मानली, तर मिती किमान २ असताना नॉ = २^(२/ट − १) असतो. प = २ असता उत्तर १ येते, प = ३ असता सुमारे १.२६० आणि प = ४ असता √२, म्हणजे सुमारे १.४१४.

जेम्स स्थिरांक

१९६४ मध्ये रॉबर्ट जेम्स याने 'एकसमान अचौरस' अवकाशांची कल्पना मांडली. एकक लांबीचे दोन सदिश असे घेतले की त्यांची बेरीज व वजाबाकी या दोन्हींची लांबी २ च्या अगदी जवळ आहे, तर त्या दोन सदिशांच्या प्रतलातील एकक वर्तुळ जवळजवळ चौरस असते. असे जवळजवळ-चौरस कोठेही न सापडणारा अवकाश तो एकसमान अचौरस. असा बानाख अवकाश परावर्ती असतो, म्हणजे आपल्या द्वैती अवकाशाच्या द्वैती अवकाशाशी स्वाभाविक रीतीने एकरूप होतो, हे जेम्सने सिद्ध केले. एकसमान बहिर्वक्र अवकाशांसाठी हेच मिल्मन (१९३८) व पेटिस (१९३९) यांनी आधी दाखवले होते, पण जेम्सची अट पुष्कळच सौम्य आहे.

या कल्पनेला संख्येचे रूप गाओ व लाउ यांनी १९९० मध्ये दिले. एकक लांबीच्या प्रत्येक सदिशजोडीसाठी ‖क्ष + य‖ व ‖क्ष − य‖ यांतील लहान संख्या घ्यावी. अशा सर्व संख्यांची लहानात लहान वरची मर्यादा म्हणजे जेम्स स्थिरांक, येथे 'जे'. दोन वा अधिक मितींच्या अवकाशात √२ ≤ जे ≤ २ असते. जे २ पेक्षा लहान असणे, नॉ २ पेक्षा लहान असणे आणि अवकाश एकसमान अचौरस असणे ही तिन्ही विधाने एकच आहेत. लेबेग अवकाशांत जे = २^(१/ट) असतो.

दोन्ही स्थिरांकांचे नाते असमानतांत सांगता येते. काटो, मालिग्रांडा व ताकाहाशी यांनी २००१ मध्ये जे²/२ ≤ नॉ हे दाखवले, आणि वरच्या बाजूला जे² ÷ ((जे − १)² + १) ही मर्यादा घातली. पुढे नॉ ≤ जे अशी देखणी असमानताही सिद्ध झाली. लेबेग अवकाशांत जे²/२ = नॉ अशी बरोबरी येते, त्यामुळे एक संख्या कळली की दुसरी कळते. हे सर्वत्र घडत नाही.

अष्टकोनाचे उदाहरण

हिल्बर्ट अवकाशात जे = √२ असतो. मग जे = √२ असेल तर अवकाश आंतरगुणाकाराचाच असेल काय? नॉ च्या अनुभवावरून 'होय' म्हणावेसे वाटते. प्रतलात मात्र उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते पडताळण्यास शालेय भूमिती पुरते.

ज्याचे शिरोबिंदू केंद्रापासून १ अंतरावर आहेत असा सुसम अष्टकोन घ्यावा आणि त्याला एकक वर्तुळ मानावे. ही आकृती ४५ अंशांत फिरवली असता स्वतःवरच बसते, म्हणून अशा फिरवण्याने सदिशाचा नॉर्म बदलत नाही. आता एकक नॉर्मचा सदिश क्ष घेऊन तो ९० अंशांत फिरवला व त्याला य म्हटले. क्ष + य आणि क्ष − य हे दोन्ही सदिश क्ष ला ४५ अंशांत एका वा दुसऱ्या बाजूला फिरवून √२ ने गुणल्यावर मिळतात. तेव्हा दोघांचाही नॉर्म √२ आहे. आणखी एक साधी गोष्ट येथे लागते: य हा एकक वर्तुळावरून क्ष पासून −क्ष कडे सरकत गेला, तर ‖क्ष − य‖ कधीही घटत नाही आणि ‖क्ष + य‖ कधीही वाढत नाही. म्हणून ९० अंशांच्या अलीकडे पहिली संख्या √२ हून मोठी नसते व पलीकडे दुसरी नसते. दोहोंतील लहान संख्या √२ ओलांडू शकत नाही; जे = √२.

म्हणजे आठ कोपरे असलेली ही आकृती जेम्स स्थिरांकाला वर्तुळासारखीच दिसते. जॉर्डन-फॉन नॉयमन स्थिरांक मात्र फसत नाही. लगतचे दोन शिरोबिंदू क्ष व य घेतले, तर त्यांचा मध्यबिंदू अष्टकोनाच्या बाजूवरच असल्याने ‖क्ष + य‖ = २. क्ष − य ही अष्टकोनाची बाजू असून तिची या नॉर्ममधील लांबी २(√२ − १), सुमारे ०.८२८ येते. गुणोत्तर ४ − २√२, म्हणजे सुमारे १.१७२. यापेक्षा मोठे गुणोत्तर मिळत नाही, कारण हा नॉर्म यूक्लिडीय लांबीपेक्षा कमी कधीच नसतो आणि त्याचा वर्ग यूक्लिडीय लांबीच्या वर्गाच्या ४ − २√२ पटींहून अधिक कधीच नसतो. म्हणून नॉ = ४ − २√२.

ही फसगत प्रतलापुरतीच आहे. तीन वा अधिक मिती असतील तर जे = √२ वरून आंतरगुणाकार निष्पन्न होतो, हे कोमुरो, साइतो व तानाका या जपानी गणितज्ञांनी २०१६ मध्ये सिद्ध केले.

षट्कोनातून वेगळा धडा मिळतो. (अ, ब) चे घटक समचिन्ह असतील तर त्यांतील मोठे केवल मूल्य आणि विषमचिन्ह असतील तर |अ| + |ब| असा नॉर्म घेतला, की एकक वर्तुळ षट्कोन होते. त्याचा जे ३/२ आहे. क्ष = (१, ०) व य = (०, १) यांवरून जॉर्डन-फॉन नॉयमन गुणोत्तर ५/४ येते. पण य ची लांबी कमी करून (√५ − १)/२, सुमारे ०.६१८ केली, तर तेच गुणोत्तर (३ + √५)/४, म्हणजे सुमारे १.३०९ पर्यंत चढते. सारख्या लांबीचे सदिश तपासून नॉ ठरवता येत नाही. अष्टकोनात तसे जमले हा त्याच्या सममितीचा गुण होता.

बहिर्वक्रतेचा मापांक

क्लार्कसनने १९३६ मध्येच एक सूक्ष्म साधन दिले होते. एकक लांबीच्या, परस्परांपासून किमान ε अंतरावरील दोन सदिशांचा मध्यबिंदू गोलाच्या पृष्ठाखाली निदान किती खोल असतो, ते δ(ε) हे फलन सांगते. हिल्बर्ट अवकाशात δ(ε) = १ − √(१ − ε²/४) असते, आणि नॉर्डलांडर याने १९६० मध्ये दाखवल्याप्रमाणे यापेक्षा मोठे δ कोणत्याही अवकाशात असू शकत नाही. यूक्लिडीय गोल हा या अर्थाने सर्वांत गोल आहे.

ज्या ε साठी δ(ε) शून्य राहते त्यांची वरची मर्यादा म्हणजे गोबेलचा बहिर्वक्रता गुणांक. प्रतलात त्याचा अर्थ अगदी दृश्य आहे: एकक वर्तुळावरील सर्वांत लांब सरळ तुकड्याची, त्याच नॉर्ममध्ये मोजलेली, लांबी. चौरसाला तो २ आहे, सुसम षट्कोनाला १, वरील अष्टकोनाला ०.८२८ आणि वर्तुळाला ०.

एकक वर्तुळाची परिमिती

एकक वर्तुळाची लांबी त्याच्याच नॉर्मने मोजली तर किती भरते? पोलिश गणिती स्तानिस्वाव गोवांब याने १९३२ मध्ये उत्तर दिले: परिमिती ६ पेक्षा कमी व ८ पेक्षा अधिक कधीच नसते. ६ ही किंमत सुसम षट्कोनाला व त्याच्या रैखिक प्रतिमांनाच मिळते, ८ ही केवळ समांतरभुज चौकोनाला. निम्मी परिमिती हा त्या प्रतलाचा 'पाय' मानला, तर तो ३ ते ४ च्या दरम्यान कोठेही असू शकतो. अष्टकोनासाठी तो ८(√२ − १), सुमारे ३.३१४ आहे. आपला ३.१४१५९... हा त्यांतील सर्वांत लहानही नाही, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला चकित करते.

द्वैती अवकाश

प्रत्येक नॉर्मयुक्त अवकाशाला त्यावरील अखंड रैखिक फलनांचा द्वैती अवकाश असतो. नॉ हा मूळ अवकाशात व द्वैती अवकाशात सारखाच असतो. जे सारखा असेलच असे नाही. प्रतलात समचिन्ह घटकांसाठी √(अ² + ब²) व विषमचिन्ह घटकांसाठी |अ| + |ब| असा जोडनॉर्म घेतला, तर जे = √(८/३), सुमारे १.६३३ येतो, द्वैती अवकाशात तो १ + १/√२, सुमारे १.७०७ आहे. नॉ दोन्हीकडे ३/२.

स्थिर बिंदूंचा प्रश्न

या स्थिरांकांना गणितात खरे महत्त्व मिळाले ते येथे. जे रूपांतरण कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर वाढवत नाही, त्याला अप्रसारी म्हणतात. संवृत, सीमित व बहिर्वक्र संचाला स्वतःतच नेणाऱ्या अप्रसारी रूपांतरणाखाली एखादा बिंदू जागच्या जागी राहतो काय, हा प्रश्न आहे. सांत मितींत ब्राउवरचे प्रमेय 'होय' असे सांगते. अनंत मितींत ते आपोआप घडत नाही. शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांच्या अवकाशात सर्वांत मोठ्या पदाचे केवल मूल्य हा नॉर्म घ्यावा आणि ज्यांची सर्व पदे ० ते १ मध्ये आहेत अशा क्रमिकांचा संच पाहावा. प्रत्येक क्रमिका एक घर उजवीकडे सरकवून पहिल्या जागी १ लिहिला, तर अंतरे तशीच राहतात. स्थिर बिंदू असता तर त्याचे प्रत्येक पद १ असते, पण अशी क्रमिका शून्याकडे जात नाही! या अवकाशाचे नॉ व जे दोन्ही २ आहेत.

१९६५ मध्ये ब्राउडर, गोडे व कर्क यांनी स्वतंत्रपणे होकारार्थी प्रमेये दिली. कर्कच्या प्रमेयाला परावर्ती अवकाश व 'सामान्य रचना' लागते. ही दुसरी कल्पना ब्रोदस्की व मिल्मन यांची, १९४८ मधली: एकाहून अधिक बिंदू असलेल्या प्रत्येक सीमित बहिर्वक्र संचात असा एक बिंदू असावा, की त्याच्यापासून संचातील कोणत्याही बिंदूचे अंतर संचाच्या व्यासाहून निश्चितपणे लहान अशा एका मर्यादेत राहते. ही अट थेट तपासणे कठीण असते. एखादी संख्या काढून काम भागत असेल तर ते केव्हाही सोयीचे, आणि म्हणून 'किती लहान स्थिरांक पुरतो' याची एक शर्यतच सुरू झाली. गोबेलचा गुणांक १ पेक्षा लहान असणे पुरते, हे १९७० मध्ये दिसले. गाओ व लाउ यांनी जे < ३/२ ही अट दिली. थायलंडमधील धोमपोंगसा, कावखाओ व तासेना यांनी २००३ मध्ये ती (१ + √५)/२, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर १.६१८... पर्यंत सैल केली, आणि सेजुंग याने २००६ मध्ये नॉ < (१ + √३)/२, सुमारे १.३६६, एवढे पुरते हे दाखवले.

त्याच वर्षी गार्सिया-फालसेत, ल्योरेन्स-फुस्तेर व माथकुन्यान-नावार्रो या स्पॅनिश गणितज्ञांनी सामान्य रचनेचा मार्गच सोडून सिद्ध केले, की प्रत्येक एकसमान अचौरस बानाख अवकाशात अप्रसारी रूपांतरणांना स्थिर बिंदू असतात. म्हणजे स्थिर बिंदूपुरते पाहिल्यास जे < २ एवढेच पुरेसे आहे. सुवर्ण गुणोत्तराची मर्यादा सामान्य रचनेच्या प्रश्नासाठी मात्र अर्थपूर्ण राहिली.

इतर स्थिरांक

बेरीज व वजाबाकी यांतील मोठ्या लांबीची खालची मर्यादा म्हणजे शेफर स्थिरांक. त्याचा व जे चा गुणाकार नेहमी २ असतो, म्हणून त्याचा वेगळा विचार क्वचितच होतो. डंकल व विल्यम्स यांनी १९६४ मध्ये दोन सदिशांच्या दिशांमधील अंतर ४‖क्ष − य‖ ÷ (‖क्ष‖ + ‖य‖) हून अधिक नसते हे दाखवले. आंतरगुणाकार असता ४ च्या जागी २ चालतो, आणि त्याच वर्षी कर्क व स्माइली यांनी सिद्ध केल्याप्रमाणे २ चालत असेल तर आंतरगुणाकार असतोच. या दोन टोकांमधील संख्येला डंकल-विल्यम्स स्थिरांक म्हणतात. बायनम याने १९८० मध्ये दिलेला सामान्य रचनेचा गुणांक संचाचा व्यास व त्रिज्या यांची तुलना करतो.